बाभळीचे चौदा दरवाजे, नागार्जुनसागरचे सव्वीस

हैदराबादच्या एर्रम मंझिल भागात जलसौध नावाची इमारत आहे. गोदावरी नदी व्यवस्थापन मंडळाचं कार्यालय तिथं थाटलं गेलं आणि कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळाचंही. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याची मात्र गंमत आहे. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायदा, 2014 च्या कलम 85 मध्ये संसदेनं स्वच्छ लिहून ठेवलं होतं की, गोदावरी मंडळाचं मुख्यालय तेलंगणात आणि कृष्णा मंडळाचं आंध्र प्रदेशात. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्रीय जलशक्तिमंत्री आणि दोन्ही मुख्यमंत्री एकत्र बसले, तेव्हाही कृष्णा मंडळ आंध्रात हलवायचं ठरलं. तरी त्याचा मुक्काम वर्षानुवर्षं हैदराबादेतच राहिला. ज्या मंडळाला स्वतःचं बिऱ्हाड हलवता येत नव्हतं, त्यानं दोन राज्यांच्या धरणांचे दरवाजे हलवावेत अशी कायद्याची अपेक्षा होती.

राज्यांच्या डोक्यावर एखादी नियामक संस्था बसवायची आणि तिच्या हाती राज्यांचे अधिकार द्यायचे, तर ते कुणी द्यायचे, किती द्यायचे आणि दिलेले परत घेता येतात का, हा या लेखाचा प्रश्न. युरोपात तो देशांच्या पातळीवर विचारला जातो, आपल्याकडे राज्यांच्या. गाभा मात्र एकच, आणि तो आपल्या माणसाला कुलमुखत्यारपत्रावरून चटकन कळतो. गावाकडच्या जमिनीचं मुखत्यारपत्र पुतण्याला लिहून दिलं, तर पुतण्यानं ते परस्पर मेहुण्याच्या हाती द्यायचं नसतं; आणि ‘खटला चालवावा’ एवढंच लिहिलं असेल तर जमीन विकायची नसते. अधिकार सोपवण्याचा सगळा कायदा या दोन वाक्यांच्या आजूबाजूला फिरतो. भांडण लागतं ते तिसऱ्याच मुद्द्यावर: मुखत्यारपत्रावर सही मुळात कुणाची?

आपल्याकडे या चर्चेची सुरुवात 1951 च्या दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणापासून करायची पद्धत आहे. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला होता. सात न्यायमूर्ती बसले आणि सातांनी सात वेगळी मतं लिहिली. त्या सातांमधून वकिलांनी पुढे एक सूत्र गाळून काढलं: धोरण ठरवणं हे कायदेमंडळाचं मूळ काम, ते दुसऱ्याला देता येत नाही, तपशील भरणं देता येतं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण धोरण कुठं संपतं आणि तपशील कुठं सुरू होतो, याची खूण न्यायालयानं कधी ठामपणे रोवली नाही, आणि रोवली तेव्हा ती सरकारच्या सोयीच्या बाजूला थोडी सरकलेलीच होती. अधिकार अति सैल दिला म्हणून कायद्याचं कलमच उडालं, अशी उदाहरणं मोजकीच आहेत. 1959 च्या अखेरीचं हमदर्द दवाखाना प्रकरण त्यातलं गाजलेलं. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्यात काही रोगांची नावं दिली होती आणि पुढं ‘नियमांनी ठरवला जाईल असा इतर कोणताही रोग’ अशी मोकळी जागा ठेवली होती. रोग निवडायचा कशावरून, याचा काही निकषच नाही, म्हणून तेवढा भाग न्यायालयानं काढून टाकला.

या बाबतीत हैदराबादच्या वाट्याला एक छोटा पण बोलका निकाल आला आहे. 1997 चा, कृषी बाजार समिती विरुद्ध शालिमार केमिकल वर्क्स. खोबऱ्याचा माल केरळात विकत घेऊन इकडं आणला जायचा. बाजार समितीच्या उपविधीनं ठरवून टाकलं की, आपल्या हद्दीत ज्याचं वजन झालं तो माल आपल्याच हद्दीत विकला गेला असं धरायचं. म्हणजे फी भरा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्यानं तुम्हाला विक्रीवर फी घ्यायला सांगितलं होतं, विक्री झाली असं मानून टाकायला नव्हे. ज्याला तराजू दिला त्यानं माप बदलायचं नाही, इतका साधा हा मामला. तरी तो निकाल लागेपर्यंत खोबऱ्याचं वजन दिल्लीपर्यंत जाऊन आलं.

ही झाली वरून खाली दिलेल्या अधिकारांची गोष्ट: विधिमंडळानं खात्याला, समितीला, महामंडळाला दिलेले. उलट दिशेचा रस्ता, म्हणजे राज्यानं आपला अधिकार वर देणं, घटनेत वेगळा आखलेला आहे आणि तो एकेरी आहे. अनुच्छेद 252 प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केला, तर राज्यसूचीतल्या विषयावरही संसद त्यांच्यासाठी कायदा करते. 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा असाच झाला. आंध्र प्रदेशानं ठराव केला होता. हैदराबादच्या उच्च न्यायालयात आक्षेप आला की, विधिमंडळ म्हणजे राज्यपाल धरून. ठरावात राज्यपाल कुठं होते? उच्च न्यायालयाला हे पटलं. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि जाता जाता एक जड वाक्य टाकलं: ठराव झाला की त्या विषयावरचा राज्याचा अधिकार संपतो, तो संसदेकडं जातो. उसना दिलेला नाही, गेलेला.

त्याचा अर्थ महाराष्ट्रानं पुढं चांगलाच अनुभवला. संसदेनं तो कायदा 1999 मध्ये रद्द केला, पण ज्यांनी ठराव करून तो ओढवून घेतला होता त्यांना रद्द करण्यासाठीही ठराव करावा लागत होता. महाराष्ट्राचा ठराव नोव्हेंबर 2007 मध्ये झाला. मधली आठ वर्षं मुंबई-पुण्यातल्या मोकळ्या जमिनींवर दिल्लीत मेलेला कायदा जिवंत होता. आंध्रचा ठराव त्यानंतर 2008 मध्ये आला.

आता पाणी. घटनेनं पाणी राज्यसूचीत ठेवलं, नोंद 17. पण त्याच नोंदीत शेपूट जोडलं: संघसूचीच्या नोंद 56 च्या अधीन. आंतरराज्यीय नद्यांचं नियमन लोकहितासाठी आवश्यक आहे असं संसदेनं कायद्यानं जाहीर केलं, की तेवढ्यापुरतं ते केंद्राचं. 1956 मध्ये दोन कायदे जोडीनं आले. एक आंतरराज्यीय जलविवाद कायदा, ज्यातून लवाद निघाले. दुसरा नदी मंडळ कायदा, ज्यातून काहीच निघालं नाही: त्याखाली आजवर एकही मंडळ उभं राहिलेलं नाही. त्या मंडळांचं काम फक्त सल्ला देण्याचं असणार होतं, आणि तेवढ्या सल्ल्यालाही राज्यं घाबरली. म्हणून दरवेळी आडवाट काढावी लागली. तुंगभद्रा मंडळ 1953 मध्ये आंध्र राज्य निर्मितीच्या कायद्यातून आलं. कावेरीचं प्राधिकरण 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सहा आठवड्यांची मुदत घालून दिल्यानंतर. आणि कृष्णा-गोदावरीची मंडळं राज्य फोडण्याच्या कायद्यातून.

इथं सहीचा मुद्दा येतो. राज्यांच्या पुनर्रचनेचा कायदा संसद अनुच्छेद 3 आणि 4 खाली करते. राज्याचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. जानेवारी 2014 च्या शेवटी आंध्र विधानसभेनं आवाजी मतदानानं ते विधेयक फेटाळलं होतं. तरी 2 जून 2014 ला तेलंगण झालं आणि त्याबरोबर दोन मंडळंही आली. म्हणजे मुखत्यारपत्रावर एका राज्यानं नकार लिहिला होता आणि दुसरं तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही खोट नाही. संसदेला नोंद 56 चा अधिकार आहे, अनुच्छेद 4 चा आहे, आणि पुनर्रचना कायद्याच्या कलम 87 मध्ये निकषही दिला आहे: लवादांचे निवाडे लक्षात घेऊन केंद्र ज्या प्रकल्पांची अधिसूचना काढील, त्यांची मुख्य बांधकामं, काही कालवे आणि वीजवाहिन्या मंडळाच्या कक्षेत. हमदर्दच्या कसोटीवर घासलं तरी हे कलम टिकेल असं मला वाटतं. शंका आली तर केंद्र सरकार ठरवील, हेही त्यातच आहे.

पण निकष म्हणून ज्या निवाड्याकडं बोट दाखवलं, तो निवाडाच अर्धा. बच्छावत लवादानं कृष्णेचं 75 टक्के भरवशाचं 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं आणि पुनर्वापराचं मिळून महाराष्ट्राला 585, कर्नाटकाला 734, आंध्र प्रदेशाला 811 टीएमसी दिलं. त्या 811 मधले तेलंगणाचे किती, हे 1976 मध्ये, निवाड्याच्या वेळी, कुणी विचारलं नव्हतं. विचारायला तेलंगण नव्हतं. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादानं 2010 आणि 2013 मध्ये आकडे वाढवून 2578 पर्यंत नेले, महाराष्ट्राचे 666 झाले, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या आदेशामुळं ते राजपत्रात येऊ शकले नाहीत. 2015 मध्ये दोन्ही तेलुगू राज्यांनी तात्पुरती वाटणी केली, आंध्र 512 आणि तेलंगण 299. ही ‘तात्पुरती’ पुढं दरवर्षी ओढत नेली गेली. तेलंगण म्हणतं, आधी माझा वाटा ठरवा, मग दरवाज्यांचं बोला. त्यात तथ्य आहे असं मानणाऱ्यांत मी आहे. मोजमाप ठरलेलं नसताना वाटप करणारा नेमला, की त्याला प्रत्येक बादलीमागं धोरण ठरवावं लागतं, आणि तो अधिकार तर त्याला कुणी दिलेलाच नसतो.

15 जुलै 2021 ला केंद्रानं अधिसूचना काढली. कृष्णेवरचे 36 आणि गोदावरीवरचे 71 प्रकल्प तिच्या परिशिष्टांत आले. 14 ऑक्टोबरपासून अंमल. प्रत्येक राज्यानं प्रत्येक मंडळाकडं 200 कोटी रुपये बीजभांडवल जमा करायचं. आंध्रनं आपल्या ताब्यातल्या काही जागा सोपवण्याचा आदेश काढला, पण तेलंगणनं आपल्या सोपवल्या तरच, अशी अट घालून. तेलंगणनं सोपवल्या नाहीत. त्याआधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आंध्रची याचिका तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्यापुढं आली. ते म्हणाले, मी दोन्ही राज्यांचा, तुम्ही मध्यस्थीनं मिटवा. आंध्रनं मध्यस्थी नको म्हटल्यावर ते खटल्यातून बाजूला झाले. दोन्ही राज्यांचा म्हणता येईल असा एक माणूस सापडला होता, तर तो नेमका त्याच कारणानं निघून गेला.

पुढचं दृश्य 30 नोव्हेंबर 2023 च्या पहाटेचं. तेलंगणात विधानसभेचं मतदान त्याच दिवशी. नागार्जुनसागर धरणाला 26 दरवाजे आहेत. धरणाचा कारभार तेलंगणाकडं, पण नदी हीच दोन्ही राज्यांची हद्द. आंध्रचे पोलीस रात्रीत धरणावर चढले आणि तेराव्या दरवाज्यापर्यंत काटेरी तार ओढून मोकळे झाले. उजव्या कालव्याला पाणी सुटलं. धरणाच्या माथ्यावर मधोमध तारेचं कुंपण, दोन्ही बाजूंना दोन राज्यांचे पोलीस. वाटणीच्या घरात भाऊ पडवीतून भिंत घालतात ना, तसं. शेवटी केंद्रीय राखीव पोलीस दल आणून बसवावं लागलं आणि 28 नोव्हेंबरची स्थिती परत आणायचं ठरलं. या सगळ्यात कृष्णा मंडळ होतं, पत्रं लिहीत होतं. कागदावर ते दरवाजे दोन वर्षांपूर्वीच त्याच्या कक्षेत आलेले होते. 12 फेब्रुवारी 2024 ला तेलंगण विधानसभेनं, सरकार बदललेलं असताना, प्रकल्प मंडळाकडं सोपवायचे नाहीत असा ठराव केला. केंद्राच्या कायद्यापुढं अशा ठरावाचं वजन काही नाही. मात्र चाव्या राज्य सरकारच्या अभियंत्यांच्या खिशात होत्या.

युरोपीय कायद्यातला मूळ निकाल इथं आठवतो. 13 जून 1958, मेरोनी प्रकरण. कोळसा आणि पोलाद समुदायाच्या उच्च प्राधिकरणानं भंगार लोखंडाच्या किमती समान ठेवण्याचं काम ब्रुसेल्समधल्या दोन खाजगी स्वरूपाच्या संस्थांना दिलं होतं. मिलानच्या एका पोलाद कारखान्याला त्यांनी वर्गणीची मागणी पाठवली आणि हिशोब मात्र दाखवला नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयानं तत्त्व घालून दिलं: स्वतःकडं जेवढे अधिकार आहेत त्याहून जास्त देता येत नाहीत, आणि देता येतात ते नेमके, मोजता येण्याजोगे, तपासता येण्याजोगे अंमलबजावणीचे अधिकार, धोरण बदलून टाकील असा मोकळा विवेकाधिकार नाही. साठ वर्षांहून अधिक काळ युरोपातली प्रत्येक नवी संस्था या दगडावर घासली जाते. ब्रिटननं रोखे बाजाराच्या युरोपीय प्राधिकरणाला शॉर्ट सेलिंगवर बंदी घालण्याचा अधिकार देण्यावर आक्षेप घेतला. 2014 मध्ये न्यायालयानं तो फेटाळला, पण मेरोनी मोडीत न काढता: अटी इतक्या बांधलेल्या आहेत की हा मोकळा अधिकार नव्हेच, असं म्हणून. जर्मनीच्या घटना न्यायालयानं 2009 च्या लिस्बन निकालात आणखी एक कुंपण घातलं. आपले अधिकार किती हे स्वतःच ठरवण्याचा अधिकार वरच्या संस्थेला देता येणार नाही.

या तुलनेत आपला कायदा उदार दिसतो, आणि तो दोष आहे असं म्हणायची अभ्यासकांत पद्धत आहे. मला रोग दुसरीकडं दिसतो. आपल्याकडं मंडळाला जास्त दिलं म्हणून ते शिरजोर झालं, असं घडलेलं नाही. मोघम दिलं म्हणून ते लुळं राहिलं. मेरोनीची मर्यादा नागरिकाला संस्थेपासून वाचवायला आखली होती. तीच मर्यादा संस्थेच्याही अंगात बळ आणते, हे पाहायला ब्रुसेल्सला जायला नको, नांदेड जिल्ह्यात जावं.

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, 2.74 टीएमसीचा. खाली तेलंगणात पोचमपाड, म्हणजे श्रीराम सागर. त्याचं फुगलेलं पाणी महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतं आणि बंधारा नेमका त्या फुगवट्यात येतो. आंध्रनं 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह बंधाऱ्याकडं निघाले, धर्माबादेत त्यांना अटक झाली आणि बाभळीचं नाव देशभर झालं. 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. न्यायमूर्ती लोढा यांच्या पीठानं 6 ऑक्टोबर 1975 चा दोन राज्यांमधला करार समोर ठेवला. पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर धरणांच्या खाली महाराष्ट्रानं 60 टीएमसीपर्यंत वापरावं, असं त्यात दोघांनी लिहून दिलेलं. बंधारा त्यात बसतो, म्हणून राहू द्या. देखरेखीला तीन माणसांची समिती: केंद्रीय जल आयोगाचा एक, तो अध्यक्ष, महाराष्ट्राचा एक, आंध्रचा एक.

आणि मग समितीला दिलेलं काम पाहावं. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर. 29 ऑक्टोबरपासून साठवण 2.74 टीएमसीपर्यंतच, पुन्हा पुन्हा भरून वापरायची नाही. पोचमपाडच्या फुगवट्याशी सामायिक असलेलं 0.6 टीएमसी दरवर्षी 1 मार्चला खाली सोडायचं. संपलं. समितीला काही ठरवायचंच नाही, फक्त तारखेला हजर राहायचं. दर 1 जुलैला तिन्ही बाजूंचे अधिकारी बंधाऱ्यावर येतात, चौदाच्या चौदा दरवाजे उचलले जातात. मध्ये आंध्र फुटून तेलंगण आलं, तेलुगू बाजूचे प्रतिनिधी बदलले, सरकारं बदलली, तारखा बदलल्या नाहीत. काटेरी तार इथं कुणी ओढली नाही.

धर्माबाद-नायगावकडच्या शेतकऱ्यांना हे कौतुक ऐकवायची सोय नाही, कारण त्यांचं गाऱ्हाणं वेगळं आणि रास्त आहे. नदीला पाणी असतं तेव्हा दरवाजे वर. दरवाजे खाली येतात तेव्हा नदीला पाणी नसतं. ऑक्टोबर कोरडा गेला की बंधारा नावालाच. म्हणजे समिती चालते याचा अर्थ वाटणी न्याय्य आहे असा होत नाही. वाटणीचा वाद कराराशी आणि निकालाशी आहे, समितीशी नाही. कृष्णेत ही दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत, म्हणून वाटणीवरचा राग मंडळावर निघतो आणि मंडळावरचा अविश्वास वाटणीपर्यंत पोचतो.

दुसऱ्या टोकाला वस्तू व सेवा कर परिषद. तिची एकविसावी बैठक 9 सप्टेंबर 2017 ला याच हैदराबादेत झाली. केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्राच्या विरोधात काहीही मंजूर होत नाही. राज्यांनी घटनादुरुस्तीला संमती देऊन तिथं आपले सगळ्यांत किमती अधिकार ठेवले. तरी 19 मे 2022 च्या मोहित मिनरल्स निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. अनुच्छेद 246अ नं कायदा करायचा अधिकार संसद आणि विधिमंडळांना दिला आहे, परिषदेला नव्हे. एकाही राज्यानं त्या निकालाचा आधार घेऊन वेगळी चूल मांडली नाही. परतीचा दरवाजा उघडा आहे हे कळल्यावर कुणी उठून गेलं नाही, हे मला त्या निकालाहून महत्त्वाचं वाटतं.

खऱ्या अर्थानं राष्ट्रांपलीकडची म्हणावी अशी संस्थाही हैदराबादेजवळ आहे, पाटणचेरूची इक्रिसॅट, 1972 पासून. ती नियामक नाही, ज्वारी-बाजरी-तुरीवर संशोधन करते. पण तिला मिळालेलं संरक्षण 1947 च्या कायद्याखालच्या एका अधिसूचनेतून आलं, आणि नोकरीवरून काढलेला एक कर्मचारी उच्च न्यायालयात गेला तेव्हा 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ती घटनेच्या अर्थानं ‘राज्य’ नाही, तिच्याविरुद्ध रिट चालत नाही. एका अधिसूचनेनं केवढी भिंत उभी राहते, याचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख.

कृष्णेच्या बाबतीत केंद्रानं ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिजेशकुमार लवादाला नवे विचारार्थ विषय दिले: तेलंगण आणि आंध्र यांच्यात पाणी कसं वाटायचं ते ठरवा. म्हणजे 2014 च्या कायद्यात जे आधी हवं होतं ते नऊ वर्षांनी मागवलं. जो आकडा तिथून येईल त्याच्याशी महाराष्ट्राचा थेट संबंध नाही असं मुंबईत म्हणतात. पण खालच्याला कमी पडलं की तो वर पाहतो, हे बाभळीनं दाखवलेलं आहे. आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा, सांगली, कोल्हापूर आहेत.